देव वगळला कोणी? ग्रँड ओरिएंट, पॅरिस, १८७७

सप्टेंबर १८७७. पॅरिसमध्ये फ्रेंच फ्रीमेसनांची, म्हणजे फ्रीमेसनरी या बंधुसंस्थेच्या सभासदांची, वार्षिक महासभा भरली होती. त्यांच्या मध्यवर्ती संस्थेचं नाव ग्रँड ओरिएंट. तिच्या घटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं की ईश्वराचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व हा या संस्थेचा पाया आहे. महासभेने ते शब्द काढले आणि त्या जागी सदसद्विवेकबुद्धीचं संपूर्ण स्वातंत्र्य आणि माणसामाणसांतली एकजूट ही दोन तत्त्वं घातली. ठरावाच्या बाजूने अहवाल मांडणारे गृहस्थ नास्तिक नव्हते. ते दक्षिण फ्रान्समधल्या एका गावचे प्रोटेस्टंट पाद्री होते, नाव फ्रेदेरिक देमाँ. पुढच्या सहा महिन्यांत लंडनच्या ग्रँड लॉजने या फ्रेंच बंधूंना दार बंद केलं. ते आजतागायत बंद आहे.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी 'नास्तिक फ्रेंच विरुद्ध आस्तिक इंग्रज' अशा एका वाक्यात उरकलं जातं. मला ते पटत नाही. श्रद्धेची अट दोन्हीकडे होती, पण ती कोणाला लागू होती यात जमीन-अस्मानाचा फरक होता. इंग्रज दारात आलेल्या माणसाला विचारत होते, 'तुझा देवावर विश्वास आहे ना?' फ्रेंचांनी संस्थेच्याच तोंडी सिद्धान्त घातला होता. पहिल्या पद्धतीत माणूस 'हो' म्हणून आत जातो आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्या पद्धतीत संस्थेला आपला सिद्धान्त रोज सांभाळत बसावं लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रीमेसनरी म्हणजे मूळच्या पाथरवट-गवंड्यांच्या संघटनांची चिन्हं, गुण्या, कंपास, ॲप्रन, घेऊन अठराव्या शतकात उभी राहिलेली बंधुसंस्था. तिच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात आणि आत घेताना दीक्षाविधी होतो. लंडनमध्ये १७१७ साली ग्रँड लॉज स्थापन झाल्याचं परंपरेने मानलं जातं. १७२३ साली जेम्स अँडरसन या स्कॉटिश पाद्र्याने तिचे नियम छापले. त्यात धर्माविषयीचं कलम मोठं चतुर आहे. सगळी माणसं ज्याबाबत सहमत आहेत तेवढाच धर्म बंधूने पाळावा आणि बाकीची मतं स्वतःजवळ ठेवावीत, असा त्याचा आशय. ही कला, म्हणजे फ्रीमेसनरी, नीट समजलेला माणूस 'मूर्ख नास्तिक' होणार नाही, अशीही पुस्ती आहे. कॅथलिक-प्रोटेस्टंट रक्तपाताच्या आठवणी ताज्या असताना एका टेबलाभोवती माणसं बसवायची, तर याहून जास्त लिहिणं धोक्याचं होतं. सगळी माणसं नेमकी कशाबाबत सहमत आहेत हे अँडरसनने सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणूनच ते कलम टिकलं.

१८१५ साली इंग्रजांनी हेच जरा स्पष्ट केलं. माणसाचा धर्म किंवा उपासनेची रीत कोणतीही असो, तो स्वर्ग-पृथ्वीच्या महान शिल्पकाराला मानत असेल तर त्याला वगळायचं नाही. हा शिल्पकार राम, अल्ला, अहुर मज्द की येशूचा पिता, हे ज्याचं त्याने भरून घ्यायचं. विश्वाचा महान शिल्पकार हे नाव फ्रीमेसनांच्या विधीत सतत येतं. लॉजच्या पत्रावर शिरोभागी 'श्री' लिहावं तसं ते लिहिलं जाई.

ही अट होतीच कशाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शपथेसाठी होती. दीक्षा घेणारा धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. देवाची भीती नसलेल्या माणसाच्या शपथेला किंमत काय, असा तेव्हाचा साधा हिशेब होता आणि तो काही फ्रीमेसनांचाच नव्हता. इंग्लंडच्या कोर्टात अश्रद्ध माणसाला शपथेऐवजी साधं प्रतिज्ञापूर्वक कथन करून साक्ष देण्याची मुभा मिळाली ती १८६९ साली. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० साली नॉर्दम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आला, तेव्हा शपथेच्या वादापायी त्याला आपली जागा बिनघोर मिळायला १८८६ उजाडलं. हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला पाहुणा म्हणून आला होता. तोही एके काळी फ्रीमेसन होता, आणि त्याची दीक्षा लंडनमधल्या फ्रेंच निर्वासितांच्या लॉजमधली.

अठ्ठावीस वर्षांचं 'सनातन' कलम

फ्रान्सकडे वळू. १८७७ साली जे कलम काढलं ते अनादी काळापासूनचं होतं, असा अनेकांचा समज असतो. ते १८४९ चं होतं. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि जूनमध्ये कामगारांच्या उठावाचा रस्त्यांवर चुराडा झाला. सुखवस्तू वर्ग घाबरलेला होता. अशा वेळी गुप्त बैठका घेणाऱ्या संस्थेने आपण धर्मबुडवे नाही हे ठळक अक्षरांत जाहीर करणं समजण्यासारखं आहे. पण जाहीर करताना अँडरसनची चतुराई सुटली. ईश्वराचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व ही तत्त्वज्ञानाच्या परीक्षेतली दोन प्रमेयं थेट संस्थेच्या पायात घातली गेली.

त्या काळातले फ्रेंच फ्रीमेसन किती वेगवेगळ्या मतांचे होते याचा नमुना १८४७ मध्येच मिळाला होता. बेझाँसाँ गावच्या लॉजमध्ये पिएर-जोझेफ प्रुदाँ दीक्षेला गेला. मालमत्ता म्हणजे चोरी, असं म्हणून गाजलेला हाच तो प्रुदाँ. रिवाजाप्रमाणे त्याला लेखी प्रश्न विचारले गेले. माणसाचं देवाप्रति कर्तव्य काय? त्याने एका शब्दात उत्तर दिलं, 'युद्ध'. तरीही त्याला आत घेतलं. लॉजमधल्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील, पण दार लावलं नाही.

मग १८६५ साली घटनेची दुरुस्ती झाली. ईश्वर आणि आत्मा जागेवर राहिले, आणि त्याच कलमात आणखी एक वाक्य आलं. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे आणि श्रद्धेवरून कोणालाही वगळलं जाणार नाही. म्हणजे एका श्वासात पाया ईश्वराचा आणि दुसऱ्या श्वासात कोणतीही श्रद्धा चालेल. तडजोडीचं कलम कसं लिहू नये याचा हा वस्तुपाठ आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दोन्ही गटांना खूश करणारा ठराव लिहिताना सेक्रेटरी जे करतो, तेच इथे झालं. पुढची बारा वर्षं हे कलम आपल्याच दुसऱ्या वाक्याशी भांडत राहिलं.

दरम्यान सभासदांची जातकुळी बदलत होती, आणि त्याला कारण खुद्द कॅथलिक चर्च. पोप बाराव्या क्लेमेंटने १७३८ मध्येच फ्रीमेसनरीवर बंदी घातली होती. मात्र पॅरिसच्या पार्लमाँ न्यायालयाने ते फर्मान दप्तरी दाखलच केलं नाही, त्यामुळे फ्रान्समध्ये त्याला कायद्याचं बळ नव्हतं. अठराव्या शतकात फ्रेंच लॉजमध्ये पाद्रीसुद्धा राजरोस बसत. एकोणिसाव्या शतकात वारं फिरलं. नवव्या पायसने आधुनिक मतांची निषेधयादी १८६४ साली काढली, पुढच्याच वर्षी फ्रीमेसनांना पुन्हा झोडपलं. भाविक कॅथलिक गळत गेले. मागे राहिले प्रोटेस्टंट, ज्यू, प्रजासत्ताकवादी, मुक्तचिंतक. देव मानणाऱ्यांना तिथे जायची बंदी कोणी केली, तर रोमने, आणि मग तिथे देव उरला नाही म्हणून ओरडाही रोमनेच केला.

इंग्लंडमध्येही रोमची बंदी लागू होती. ज्यांना आपण 'उदार' व्हाइसरॉय म्हणून ओळखतो ते लॉर्ड रिपन १८७४ पर्यंत इंग्लंडचे ग्रँड मास्टर, म्हणजे तिथल्या ग्रँड लॉजचे प्रमुख, होते. त्या वर्षी त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि पद सोडलं. देव मानणारा ग्रँड मास्टर देवाच्याच पंथाखातर बाहेर पडला. त्यांच्या जागी युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड आला.

लित्रेचं उत्तर

८ जुलै १८७५ ची रात्र या प्रकरणात मला सगळ्यांत बोलकी वाटते. फ्रेंच भाषेचा थोरला शब्दकोश करणारे एमिल लित्रे, वय चौऱ्याहत्तर, पॅरिसच्या 'क्लेमाँत आमितिए' लॉजमध्ये दीक्षेसाठी उभे होते. त्यांच्यासोबत झ्यूल फेरी होते, ज्यांनी पुढे फ्रान्समध्ये मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष प्राथमिक शिक्षण आणलं. लित्रे प्रत्यक्षार्थवादी, म्हणजे अनुभवाने आणि विज्ञानाने तपासता येईल तेवढंच ज्ञान मानणारे. इतके बदनाम की १८७१ मध्ये ते फ्रेंच अकादमीवर निवडून आले तेव्हा बिशप द्युपाँलू यांनी अकादमीचा राजीनामा दिला होता.

त्यांना तोच जुना प्रश्न आला, माणसाची देवाप्रति कर्तव्यं कोणती? लित्रे यांनी प्रुदाँसारखा बार उडवला नाही. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. एका राजाने एका ज्ञानी माणसाला देवाविषयी विचारलं. त्याने विचार करायला एक दिवस मागितला. दिवस संपल्यावर आणखी एक मागितला, मग आणखी एक, आणि उत्तर काही आलं नाही. विज्ञान आदिकारण नाकारत नाही, कारण त्याचं खंडनही सापडत नाही आणि पुरावाही सापडत नाही, असा लित्रे यांच्या बोलण्याचा रोख होता.

आता घटनेचं पहिलं कलम समोर ठेवून या उत्तराचं काय करायचं? 'नाही' म्हटलेलं नाही. 'हो' तर मुळीच म्हटलेलं नाही. इंग्लंडमध्ये असा माणूस दारातच थांबला असता, कारण तिथे हो-नाहीचा प्रश्न होता. पॅरिसमध्ये लित्रे आत गेले. देशभर त्याची चर्चा झाली. पहिल्या कलमाचं पहिलं वाक्य कागदावरच उरलं आहे हे त्या रात्री सगळ्यांना कळलं.

विलफ्रांश इथल्या लॉजने हे वाक्य काढण्याची मागणी १८७६ साली महासभेपुढे आणली. ती वर्षभर सगळ्या लॉजकडे मतासाठी फिरली. तेवढ्या काळात फ्रान्सचं राजकारण उकळत होतं. ४ मे १८७७ रोजी प्रजासत्ताकवादी पुढारी गांबेता (हाही फ्रीमेसन) संसदेत गरजला की पाद्रीशाही हाच शत्रू. बारा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष मॅकमहोन यांनी प्रजासत्ताकवादी पंतप्रधानांना घालवलं, संसद विसर्जित झाली आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीआधी सरकारने अनेक लॉजना कुलपं ठोकली. महासभा भरली ती या धामधुमीत. त्यामुळे हा निव्वळ तात्त्विक निर्णय होता असं कोणी म्हणत असेल, तर मी मानणार नाही. चर्च राजेशाहीवाद्यांच्या पंक्तीला बसलं होतं, आणि चर्चची भाषा आपल्या घटनेत नको ही भावना त्यामागे होती.

पण देमाँ यांचा युक्तिवाद राजकारणाच्या वरचा होता. सिद्धान्तांचा काथ्याकूट धर्मपंडितांवर सोडा, मतांच्या याद्या करण्याचं काम हुकमी चर्चवर सोडा, आपल्या संस्थेने सगळ्यांना खुलं राहावं, असं त्यांचं सांगणं. देव नाही असं लिहा, असं ते म्हणाले नाहीत. देव आहे की नाही यावर संस्थेने मुळात बोलूच नये, एवढंच. पाद्री म्हणून त्यांना हे बोलायला अडचण वाटली नाही, आणि त्यामागचं कारण त्यांच्या मुलखात आहे. ते गार प्रांतातले. तिथल्या प्रोटेस्टंटांनी चौदाव्या लुईच्या काळापासून राज्याने लादलेल्या श्रद्धेचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते. श्रद्धा असणं आणि श्रद्धेची सक्ती असणं यातलं अंतर त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. देमाँ पुढे चार वर्षं पाद्री राहिले, मग खासदार झाले, १८९४ मध्ये सिनेटर झाले आणि ग्रँड ओरिएंटचं अध्यक्षपदही त्यांनी अनेकदा भूषवलं.

ठरावानंतर विश्वाच्या शिल्पकाराचं नाव घेण्यावर बंदी आली नाही. ज्या लॉजला घ्यायचं ती घेऊ शकत होती. ही गोष्ट लंडनच्या रागात वाहून गेली.

लंडनचं उत्तर आणि अमेरिकेचं आधीच ठरलेलं उत्तर

आयर्लंडच्या ग्रँड लॉजने त्याच वर्षी संबंध तोडले. लंडनने डिसेंबरमध्ये समिती नेमली आणि मार्च १८७८ मध्ये ठराव केला. परदेशी बंधूला आत घ्यायचं तर महान शिल्पकारावरची श्रद्धा ही फ्रीमेसनरीची अढळ खूण आहे हे त्याने मान्य केलं पाहिजे. १९२९ साली लंडनने मान्यतेच्या अटी लेखी काढल्या, आणि त्यात शिल्पकारासोबत त्याने प्रकट केलेली इच्छा आणि शपथेच्या वेळी उघडा धर्मग्रंथ याही गोष्टी आल्या. गंमत अशी की इतकी वर्षं मोघम राहण्यात हुशारी मानणारे इंग्रज आता फ्रेंचांच्या धसक्याने काटेकोर लिहू लागले.

अमेरिकेचं मात्र निराळं. तिथल्या अनेक ग्रँड लॉजनी ग्रँड ओरिएंटशी संबंध तोडले होते ते १८७७ च्या आधीच, १८६८-६९ च्या सुमारास. लुइझियानातल्या ज्या मंडळाने काळ्या माणसांना आत घेतलं, त्याला फ्रेंचांनी मान्यता दिली, हे त्याचं कारण. देवाचा मुद्दा नंतर मिळाला आणि तो सांगायला जास्त सोयीचा होता.

मुंबई आणि कलकत्ता

इंग्रजांची अट कोणत्याही धर्माला चालणारी होती म्हणून ती सगळ्यांना लागू झाली, असं समजायचं कारण नाही. भायखळ्याचा खडा पारशी मुंबईकरांना माहीत आहे. तो पुतळा शेट करसेटजी माणेकजी यांचा, आणि तो उभारणारे त्यांचे चिरंजीव माणेकजी करसेटजी. मुलींच्या इंग्रजी शिक्षणाचे आद्य पुरस्कर्ते, पुढे न्यायाधीश. पारशी माणूस एकच अहुर मज्द मानतो, म्हणजे अट अक्षरशः पुरी होते. तरी मुंबईच्या युरोपियन लॉजने त्यांना नाकारलं. शेवटी युरोपच्या प्रवासात त्यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. परत आल्यावर डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ च्या डिसेंबरात स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या सनदेखाली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हा लॉज निघाला, खास हिंदुस्थानी लोकांना घेण्यासाठी. अवेस्त्यावर शपथ चालू झाली. पुढे पारशी विद्वान के. आर. कामा इथलेच सभासद.

हिंदूंचं प्रकरण अधिक चिघळलं. १८६३ साली कलकत्त्यातले व्यापारी प्रसन्नकुमार दत्त यांनी अर्ज केला. बंगालच्या प्रांतिक नियमांत आशियाई माणसाला परवानगीशिवाय घेऊ नये असं कलमच होतं. हिंदू अनेक देव मानतात, मग तो कोणाला साक्षी ठेवून शपथ घेणार, हा आक्षेप. जातीमुळे बंधुभाव पाळणार कसा, हा दुसरा. पंचायतन पूजा करून परब्रह्म एकच म्हणणाऱ्या माणसाला हे काय समजावायचं! वाद लंडनपर्यंत गेला. दत्तांना कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये दीक्षा मिळाली १८७२ साली, अर्जानंतर नऊ वर्षांनी. बारा वर्षांनी त्याच लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण आला, पुढचे स्वामी विवेकानंद.

म्हणजे श्रद्धेची अट 'हो-नाही' इतकी साधी असली, तरी हो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे गोऱ्या पंचांच्या हातात होतं. फ्रेंचांनी अट काढून टाकली तेव्हा त्यांनी निदान हा अधिकार तरी कोणाच्या हातात ठेवला नाही. इंग्रजी पद्धतीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दार एकदा उघडल्यावर त्या मोघम अटीमुळेच पारशी, मुसलमान, हिंदू, शीख एका खोलीत आपापल्या ग्रंथावर शपथ घेऊन बसले, आणि कोणालाही आपला देव दाराबाहेर ठेवावा लागला नाही. १८४९ चं फ्रेंच कलम इथे लागू केलं असतं, तर आत्म्याच्या अमरत्वावरच पहिली सभा तहकूब झाली असती. बौद्ध आणि जैन उमेदवारांचा प्रश्न मात्र इंग्रजी अटीतही शिल्लक राहतो. अनात्म मानणारा किंवा जगाचा कर्ता न मानणारा माणूस शिल्पकाराला 'हो' म्हणतो तेव्हा तो नेमकं कशाला हो म्हणतो, हे लॉज विचारत नाही.

फ्रेंच शाखेचं एक पिल्लूही भारतात आलं. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी 'द्र्वा ह्युमें' ही संस्था फ्रान्समध्ये १८९३ साली निघाली, देवाची सक्ती नसलेली. ती इंग्लंड आणि हिंदुस्थानात रुजवली ॲनी बेझंट यांनी, एके काळच्या ब्रॅडलॉच्या सहकारी आणि नास्तिक. पण तोवर त्या थिऑसॉफिस्ट झाल्या होत्या, आणि त्यांनी आपल्या शाखेच्या विधीत महान शिल्पकाराला परत आणून बसवलं.

ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ साली स्थापन झाली, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांच्या सनदेखालच्या लॉजमधून. परमेश्वरावरची श्रद्धा ही तिची प्रवेशाची अट आहे, आणि लॉजमध्ये वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ उघडे ठेवले जातात. फ्रान्समध्ये १९१३ साली काही जण ग्रँड ओरिएंटमधून बाहेर पडले, त्यांनी शिल्पकाराला मानणारी वेगळी संस्था काढली आणि लंडनने तिला मान्यता दिली. तरी फ्रान्समधली सर्वांत मोठी संस्था आजही ग्रँड ओरिएंटच आहे, आणि २०१० पासून तिने लॉजना स्त्रियांना घेण्याची मुभा दिली आहे. फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलचा सभासद पॅरिसला गेला, तर र्‍यू कादे १६ या पत्त्यावरच्या तिच्या मुख्यालयातलं संग्रहालय तिकीट काढून बघू शकतो. वरच्या मजल्यावरच्या लॉजमध्ये बसायला त्याला त्याच्या संस्थेची परवानगी नाही.